ग्रिडच्या वर्कर मशीनसाठी ओपननेब्युला: घ्याच

पाषाणच्या प्रयोगशाळेत ग्रिड (मोठं काम अनेक जोडलेल्या संगणकांवर वाटून चालवायची सोय) वापरणाऱ्या संशोधकांची व्हर्च्युअल मशीन, म्हणजे खऱ्या संगणकात सॉफ्टवेअरने बनवलेले संगणक, मी सांभाळते. अशी मशीन उभी करून सांभाळणाऱ्या ओपननेब्युलावर माझा पूर्ण विश्वास बसलाय. २००५ साली माद्रिदमध्ये संशोधन म्हणून सुरू झालेलं हे सॉफ्टवेअर मुक्त-स्रोत आहे, केव्हीएमवर (लिनक्समधली व्हर्च्युअल मशीन चालवायची सोय) चालतं. सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे नॉन-पर्सिस्टंट इमेज (बदल साठवून न ठेवणारी मशीनची डिस्क): मशीन संपवलं की त्यातले बदल पुसले जातात, पुढच्याला कोरं मशीन मिळतं. बिघडलेला वर्कर, म्हणजे ग्रिडचं काम करणारं मशीन, दुरुस्त करत बसायचं नाही, पाडायचा आणि टेम्प्लेटवरून (मशीनच्या ठरलेल्या साच्यावरून) नवा उभा करायचा. निकाल मात्र वेगळ्या स्टोरेजवरच ठेवा, नाहीतर तेही जातील! गटवार कोटा लावता येतो, म्हणून एकाच गटाने सगळी मेमरी अडवायची भीती नाही. स्वतःची इमेज बनवताना कॉन्टेक्स्ट पॅकेज (सुरू होताना मशीनची मांडणी लावणारं छोटं सॉफ्टवेअर) घाला. त्याशिवाय मशीनला आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) आपोआप लागत नाही.