जुनी हत्यारं की नवी? रंध्याला एक उत्तर, करवतीला दुसरं

हौसेने सुतारकाम सुरू करताना हत्यारं वापरलेली घ्यावीत की नवी कोरी, याला सरसकट उत्तर नाही. हत्यार हातात घेऊन एवढंच पाहा: यात जो दोष आहे तो घरच्या घरी काढता येईल का?

रंधा: जुनाच घ्या. चार नंबरच्या लोखंडी रंध्याचा (तळ साधारण 240 मिमी, पातं 50 मिमी) जुना चांगला नग स्वस्तातल्या नव्यापेक्षा बहुतेकदा सरस निघतो. स्वस्त नव्याचा तळ सपाट नसतो, पातं नीट टेकत नाही, धार लवकर जाते. म्हणजे घासून दुरुस्त करणं तिथेही चुकत नाही. जुन्यावरचा गंज पाहून मागे हटू नका. सुटे भाग पांढऱ्या व्हिनेगरमध्ये रात्रभर बुडवा, तारेच्या ब्रशने घासा, खायच्या सोड्याच्या पाण्यातून काढा आणि लगेच कोरडे करून तेल लावा. उशीर केला तर तासाभरात नवा तांबूस थर चढतो.

तळ सपाट करायला जाड काचेवर 80 नंबरचा पॉलिश पेपर चिकटवा. पातं जागेवरच, पण तळाच्या आत ओढून घ्या आणि आवळलेलं ठेवा. त्या ताणाने तळ किंचित वाकतो, म्हणून ताणासकटच घासायचा. पुढची कड, तोंडाची (पातं बाहेर येतं त्या फटीची) पुढची बाजू आणि मागची कड एका पातळीत आली की पुरे, मधले खळगे राहिले तरी चालतात.

परत ठेवावा असा रंधा एकच: तोंडाजवळ तडा गेलेला. ओतीव लोखंडाचा तडा घरी सांधता येत नाही. स्क्रूही मोजून घ्या. स्टॅनली कंपनीच्या जुन्या रंध्यांतल्या काही स्क्रूंचे आटे वेगळ्याच मापाचे असतात (उदाहरणार्थ 9/32 इंच, इंचाला 24 आटे), ते साध्या हार्डवेअरच्या दुकानात मिळत नाहीत.

पटाशी (लाकूड तासायची छिन्नी): जुनी, पण पाठ पाहून. उताराच्या बाजूला गंजाचे खड्डे असले तरी बिघडत नाही, धार लावताना ते निघून जातात. सपाट पाठीवर धारेलगत खड्डे असतील तर मात्र प्रत्येक वेळी धार खांडवलेलीच येणार. टोक निळं पडलेलं दिसलं तर ते कुणीतरी ग्राइंडरवर तापवलंय. तिथलं पोलाद मऊ झालेलं असतं आणि निळा भाग संपेपर्यंत घासावा लागतो. मुख्य उतार 25 अंश, धारेवरची बारीक पट्टी 30 अंश ठेवा.

करवत: पहिली नवी. इथे आमचं मत उलट आहे. जुन्या करवतीला दात कानशीने घासणं, ते आलटून पालटून डाव्या-उजव्या बाजूला वाकवणं, हे सगळं आलं. लाकडाच्या रेषांच्या दिशेने चिरायच्या करवतीचे दात काटकोनात घासतात, आडव्या कापाच्या करवतीचे तिरके. नवख्याने हे शिकावं तोवर लाकूड कापायचं राहूनच जातं. कडक केलेल्या काळपट दातांची नवी करवत पहिल्या दिवसापासून कापते, मात्र ते दात कानशीला दाद देत नाहीत, बोथट झाली की संपली. दुसरी करवत जुनी घ्या. दातांच्या ओळीवरून डोळा लावून पाहा. लांबवर सावकाश आलेला बाक सुधारतो, एका जागी पडलेला मुरड सहसा सुधारत नाही.

गुण्या (काटकोन तपासायचं हत्यार) आणि धार लावायचा दगड नवेच बरे. जुना दगड मधे खोलगट झालेला असतो आणि पटाशीची पाठ सपाट होऊ देत नाही. गुण्या नवा असला तरी तपासा: फळीच्या सरळ कडेला लावून रेघ मारा, उलटा करून त्याच बिंदूतून दुसरी मारा. रेघा फाकल्या तर खरी चूक त्या फटीच्या निम्मी असते.

जुन्या हत्याराच्या लाकडी मुठीला बारीक भोकं असतील आणि त्यातून पिठासारखी ताजी भुकटी गळत असेल, तर आत कीड जिवंत आहे. अशी मूठ काढून टाका आणि तोवर ते हत्यार तुमच्या लाकडाच्या साठ्यापासून लांब ठेवा.