जळकं ऑइल साफ करायचं सेंट्रीफ्यूज, वर्षभर वापरून सांगतोय

माझा जुना ट्रक मेकॅनिकल पंपवाला (इलेक्ट्रॉनिक्स नसलेला साधा डिझेल पंप) आहे, त्यात डिझेलमध्ये थोडं जळकं इंजिन ऑइल मिसळतो म्हणून हे ऑइल जोरात गरगर फिरवून घाण बाजूला काढणारं मशीन घेतलं, आणि खरंच भारी आहे. आधी नुसतं कापडातून गाळायचो तर डिझेल फिल्टर सारखा चोक व्हायचा, चढावर गाडी ओढायचीच नाही. आता ऑइल 80 डिग्रीपर्यंत तापवून बारीक धारेने सोडतो, नंतर मशीनचा बाउल, म्हणजे आतलं फिरणारं भांडं, उघडला की आतून काळा चिखल थापलेला असतो, अगदी बुटाच्या पॉलिशसारखा, उजेडात धरला की धातूचा चुरा चमकतो, हे सगळं पंपात गेलं असतं हो! धार मोठी सोडली की मात्र काहीच साफ होत नाही. पाणी आधी खाली बसू द्या, तळाचं ऑइल घेऊच नका.

कंपनीने एक गोष्ट सांगायला हवी होती, ऑइलच्या अ‍ॅडिटिव्हमधलं विरघळलेलं झिंक-कॅल्शियम यात निघत नाही, त्याची राख होते आणि इंजेक्टरच्या नोझलवर बसते, म्हणून मी 10 टक्क्यांच्या वर मिसळतच नाही. कॉमन रेलवाल्यांनी (खूप जास्त प्रेशरच्या इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनच्या नवीन गाड्या) तर नादाला लागूच नका, इंजेक्टर जातील.