अश्वगंधा, मॅग्नेशियम, बी-१२ आणि चालणं : दिवाळी ते पावसाळा वापरून झाल्यावर

आधी निकाल सांगून टाकते, म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांची सुटका. माझ्या धडधडीत आणि थकव्यात सगळ्यात जास्त फरक पडला तो बी-१२ मुळे आणि चालण्यामुळे. मॅग्नेशियम ठीक. अश्वगंधा बरी, पण पुन्हा आणेन असं नाही. ड जीवनसत्त्वाने रिपोर्ट सुधारला, मला स्वतःला काही जाणवलं नाही. आणि ‘स्ट्रेस रिलीफ’ म्हणून मिळणाऱ्या गमीज म्हणजे महागडी जेली चॉकलेटं.

मी बेळगावच्या उद्यमबागेतल्या दोन कारखान्यांचे हिशेब बघते. ११ तारखेला जीएसटीआर-१, २० तारखेला ३बी ही जीएसटीची विवरणपत्रं, मध्ये पगार, पीएफ, बँकेची स्टेटमेंटं. काम पूर्वीही हेच होतं. गेल्या वर्षी मात्र तारीख जवळ आली की छातीत धडधड सुरू व्हायची, तळहात ओले, रात्री तीनला टक्क जाग. आणि दिवसा अंगात इतकं त्राण नाही की वडगावहून स्कूटी काढायचाही कंटाळा. घाबरल्यासारखं होणं आणि गळून जाणं, दोन्ही एकदम. घरी सासूबाईंचं म्हणणं, ‘दृष्ट लागली असेल’. ऑफिसातल्या मैत्रिणीचं म्हणणं, ‘वयाचं आहे गं, चाळिशीत होतंच’.

आमच्या डॉक्टरांनी गोळी लिहिण्याआधी रक्त तपासायला लावलं, हे फार बरं झालं. थायरॉईड वाढलं की धडधडतं, कमी झालं की थकवा येतो. हिमोग्लोबिन घसरलं की दोन्ही होतं. या गोष्टी तपासल्याशिवाय ‘टेन्शन आहे’ म्हणून शिक्का मारण्यात अर्थ नाही. लॅबवाले यादी बघून लगेच ‘फुल बॉडी पॅकेज घ्या ना मॅडम’ म्हणून मागे लागले. घेतलं नाही. ईसीजी, टीएसएच (थायरॉईडची तपासणी), सीबीसी (हिमोग्लोबिन वगैरे), साखर, बी-१२ आणि ड, एवढंच केलं.

ईसीजी आणि थायरॉईड व्यवस्थित. बी-१२ मात्र १५० च्या आत, जिथे लॅबची खालची मर्यादा २०० पिकोग्रॅम होती. मला आश्चर्य वाटलं, कारण आम्ही काही शुद्ध शाकाहारी नाही. डॉक्टरांनी विचारलं, ‘ॲसिडिटीची गोळी किती वर्षं घेताय?’ तिथे गाठ सापडली. अन्नातलं बी-१२ प्रथिनाला चिकटलेलं असतं, ते सुटं व्हायला पोटातलं आम्ल लागतं. पँटोप्राझोलसारखी गोळी वर्षानुवर्षं रोज सकाळी घेतली की आम्लच कमी, मग मटण खाऊनही बी-१२ पुरतं हाती लागत नाही. मधुमेहाची मेटफॉर्मिन घेणाऱ्यांचंही बी-१२ असंच घसरू शकतं. आपल्याकडे या दोन गोळ्या घराघरांत आहेत, म्हणून हे मुद्दाम सविस्तर लिहिलं.

आधी इंजेक्शनं झाली, मग मिथाइलकोबालामिनच्या, म्हणजे बी-१२ च्याच गोळ्या. पायाच्या बोटांना मुंग्या यायच्या, त्या आधी कमी झाल्या. थकवा हळूहळू उतरला. एका सकाळी उठून ताजंतवानं वगैरे काही झालं नाही. संक्रांतीच्या सुमाराला लक्षात आलं की दुपारी टेबलावर डोकं टेकवणं बंद झालंय. ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची पुडी आठवड्याला एक, जेवणानंतर दुधातून. ती मेदात विरघळते, म्हणून उपाशीपोटी घेऊ नये, आणि शरीरात साठते, म्हणून कोर्स संपल्यावर आपल्या मनाने चालू ठेवू नये.

बाकीच्या गोष्टी मी एकेक करून सुरू केल्या. एक नवीन गोष्ट, महिनाभर तीच, मग पुढची. चार डबे एकदम उघडले तर कशाने बरं वाटलं आणि कशाने पोट बिघडलं ते ब्रह्मदेवाला कळणार नाही.

अश्वगंधा दोन महिने घेतली. चूर्ण नव्हे, मुळाच्या अर्काची कॅप्सूल, ३०० मिलीग्रॅमची, दिवसातून दोनदा. अभ्यास झालेत ते बहुतेक अर्कावर, साधारण याच प्रमाणात आणि आठ आठवड्यांच्या आसपास. माणसं थोडीच होती, पण चिंता आणि झोप यांत काही प्रमाणात सुधारणा दिसली, असं निघालं. माझाही अनुभव तेवढाच, काही प्रमाणात. झोप लवकर लागायची. दिवसा मात्र सगळंच थोडं बोथट वाटायचं. मुलाचा निकाल चांगला लागला तेव्हाही मी ‘हं, छान’ एवढंच म्हणाले, आणि तेव्हाच ठरवलं की बास. हे औषध ‘आयुर्वेदिक आहे, साइड इफेक्ट नाही’ म्हणून विकलं जातं, ते खरं नव्हे. यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत, कमी असल्या तरी आहेत. डेन्मार्कने २०२३ मध्ये त्यावर बंदीच घातली. थायरॉईडची किंवा झोपेची गोळी चालू असेल, किंवा दिवस गेले असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नका.

मॅग्नेशियम ग्लायसिनेट रात्री जेवल्यावर. पोटऱ्यांत गोळे यायचे ते थांबले, झोपेत किंचित फरक. ऑक्साइडची स्वस्त गोळी घेतली तर पोट सुटतं, एवढं ध्यानात ठेवा. माझी बाटली संपली तशी परत आणली नाही, कारण तोपर्यंत जेवणात नाचणी, कारळ्याची चटणी आणि भोपळ्याच्या बिया आल्या होत्या.

गमीजबद्दल एकच तक्रार, पण मोठी. डब्यावर सात वनस्पतींची नावं आणि खाली सगळ्यांचं मिळून एकच वजन. कोणती किती, पत्ता नाही. साखर मात्र ठळक. कंपनीला मेल केला, त्याला उत्तर म्हणून सवलतीचं कूपन आलं!

खाण्यात मी डाएट वगैरे काही केलं नाही. आमच्याकडे सकाळ म्हणजे चहा-खारी, मग अकराला ऑफिसात चहा, साडेबाराला अजून एक. पोट रिकामं, वर चहावर चहा, मग हात थरथरणार नाहीत तर काय. आता निघण्याआधी दोन अंडी किंवा मोडाची उसळ आणि भाकरी. कधी उप्पीट असलं तर सोबत वाटीभर दही. उन्हाळ्यात नाचणीची आंबील ताक घालून, ही सासूबाईंची देणगी. अकराची थरथर यानेच गेली असं माझं ठाम मत आहे. चहा दिवसाला दोनवर आणला, तोही जेवणाला चिकटून नाही, कारण जेवणासोबतचा चहा लोह नीट शोषू देत नाही. दुपारी तीननंतर चहा बंद. कॅफिन निम्मं उतरायलाच पाच एक तास लागतात, म्हणजे संध्याकाळी सहाचा कप अकराला अर्धा अंगातच. एकदम सोडू नका, डोकं फुटेस्तोवर दुखतं. एकेक कप कमी करा.

आता चालणं. याच्यावर मला खरं बोलायचंय. सकाळी टिळकवाडीत व्हॅक्सिन डेपोच्या झाडीत जाऊ लागले. आठवड्याला १५० मिनिटं बऱ्यापैकी वेगाने, हे जागतिक आरोग्य संघटनेचं प्रमाण, म्हणजे पाच दिवस अर्धा तास. सपाटीवर छान चाललं. पण एका रविवारी नणंदेसोबत येळ्ळूरला राजहंसगड चढायला गेले आणि अर्ध्या वाटेत तीच धडधड, तेच कानात ठोके. मी खालीच बसले. म्हटलं, आलं परत. नणंद शाळेत पीटी शिकवते. ती शांतपणे म्हणाली, ‘वहिनी, चढ चढल्यावर धडधडणार नाही तर काय होणार? बसू नका, सावकाश चाला आणि बघा कधी थांबतं.’

थांबलं. वरच्या तटापर्यंत पोचून दोन मिनिटं झाली आणि छाती जागेवर. त्यानंतर मी मुद्दाम चढ शोधू लागले, जिने दोन-दोन पायऱ्यांनी चढू लागले. धडधड वाढवायची आणि ती आपोआप उतरते हे बघत राहायचं. घाबरण्याच्या आजारावर मानसोपचारातही हाच मार्ग वापरतात, लक्षण मुद्दाम घडवून आणायचं, म्हणजे शरीराला त्याची भीती उरत नाही, हे मला नंतर कळलं. ऑफिसात पोर्टल लटकलं की छाती अजूनही उडते, पण तिच्यामागून येणारा ‘आता काहीतरी होणार’ हा विचार पुष्कळ कमी झालाय. कुठल्याही बाटलीने हे दिलं नाही. मात्र आधी ईसीजी करून, डॉक्टरांनी हो म्हटल्यावरच चढायला लागा.

बेळगावचा पाऊस सुरू झाल्यावर बाहेर जाणं बोंबललं. घरात सूर्यनमस्कार आणि पाण्याच्या दोन कॅनांनी हातांचे व्यायाम करते. श्वासाचं म्हणाल तर आत चार मोजून, बाहेर सहा मोजून, पाच मिनिटं. त्या क्षणापुरतं चांगलं काम करतं, जादू म्हणून बघू नका.

माझा त्रास मध्यम होता, हेही लक्षात घ्या. काम सुटायची वेळ आली असेल, जेवण जात नसेल, जगणं नको वाटत असेल तर बी-१२ च्या रिपोर्टची वाट बघत बसू नका. बेळगावात बिम्स या सरकारी हॉस्पिटलमध्ये मानसोपचार विभाग आहे, धारवाडला डिमहान्स ही मानसिक आजारांची सरकारी संस्था आहे, आणि १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा फुकट नंबर दिवसरात्र चालतो, भाषा निवडता येते. आमच्या शेजारच्या काकू डिमहान्सला जाऊन आल्या, त्यांना गोळ्यांनीच बरं वाटलं, आणि त्यात कमीपणा काही नाही.

सध्या चालू आहे ते एवढंच : बी-१२ ची गोळी, सकाळचं खाणं, तीननंतर चहा नाही, आणि व्यायाम. दसऱ्याच्या आधी रक्त परत तपासायचंय. ॲसिडिटीची गोळी डॉक्टरांनी हळूहळू कमी करायला सांगितलीय, कारण एकदम बंद केली की आम्ल उलट जास्त उसळू शकतं. आता एक दिवसाआड घेतेय, आणि रात्रीचं झणझणीत बंद ठेवलंय.