स्वीकृत नगरसेवक आणि राज्यपालनियुक्त आमदार: न निवडलेल्यांना सभागृहात जागा असावी का?

लोकशाही सभागृहात लोकांनी निवडून न दिलेले सदस्य असावेत की नसावेत, यावर मत बनवू पाहणाऱ्या ठाणे-नवी मुंबईच्या मतदाराला दूर जावे लागत नाही. त्याच्या महापालिकेत स्वीकृत नगरसेवक असतात आणि त्याच्या राज्याच्या विधान परिषदेत राज्यपालनियुक्त आमदार. दोघेही मतपेटीतून आलेले नसले, तरी त्यांचे अधिकार अगदी वेगळे आहेत, आणि माझ्या मते निर्णय त्या फरकावरच व्हायला हवा.

आधी महापालिका पाहू. 74 व्या घटनादुरुस्तीने आलेल्या अनुच्छेद 243-आर नुसार नगर प्रशासनाचे विशेष ज्ञान किंवा अनुभव असलेल्या व्यक्तींना सभागृहात घेता येते, मात्र त्यांना सभेत मतदानाचा हक्क नसतो. ठाण्यात 131 आणि नवी मुंबईत 111 निवडून आलेले नगरसेवक असतात. स्वीकृतांची संख्या एकूण सदस्यांच्या दहा टक्के किंवा 10, यांपैकी जी कमी असेल तेवढी ठेवता येत असल्याने दोन्हीकडे कमाल 10 होते. ठाण्याच्या नरेंद्र बल्लाळ सभागृहात महासभा चालू असताना घनकचऱ्याच्या एखाद्या प्रस्तावावर स्वीकृत नगरसेवक बोलू शकतो, प्रशासनाला प्रश्न विचारू शकतो, आकडे मागू शकतो. पण प्रस्ताव मताला टाकला आणि हात वर झाले, की त्याचा हात मोजला जात नाही. कचऱ्याचे वर्गीकरण, खाडीकाठचे भराव, पावसाळी गटारांची क्षमता अशा विषयांत निवडणूक जिंकण्याचे कौशल्य आणि विषयाचे ज्ञान एकाच माणसात असेलच असे नाही. त्यामुळे अभियंता, डॉक्टर किंवा सनदी लेखापाल सभागृहात बसलेला असणे शहराच्या हिताचे आहे.

ही रचना मला पटते. तिच्या वापरावर मात्र माझा गंभीर आक्षेप आहे. नावे पक्षांच्या संख्याबळानुसार गटनेत्यांकडून येतात, आणि पात्रतेच्या यादीत डॉक्टर, वकील, अभियंता यांच्याबरोबर नोंदणीकृत सामाजिक संस्थांचे पदाधिकारीही असल्याने उमेदवारी न मिळालेल्या किंवा पराभूत झालेल्या कार्यकर्त्याची सोय लावणे सहज जमते. मतदाराने ज्याला नाकारले, त्याच व्यक्तीला तज्ज्ञ म्हणून आत आणणे हा त्या मतदाराचा अवमान आहे.

विधान परिषदेत चित्र उलटे दिसते. 78 पैकी 12 सदस्य राज्यपाल नेमतात. अनुच्छेद 171 ने त्यांच्यासाठी साहित्य, विज्ञान, कला, सहकार चळवळ आणि समाजसेवा ही क्षेत्रे सांगितली आहेत, आणि या सदस्यांना निवडून आलेल्यांइतकेच मत असते. कवी ना. धों. महानोर यांची 1978 मध्ये झालेली नियुक्ती या तरतुदीचे उत्तम उदाहरण आहे, कारण शेती आणि पाणी यांवर त्यांनी सभागृहात अनुभवाच्या अधिकाराने बोलून दाखवले. पण याच तरतुदीचा आधार घेऊन 1952 मध्ये मद्रासमध्ये राजाजींना (चक्रवर्ती राजगोपालाचारी) विधान परिषदेवर नेमले गेले आणि ते मुख्यमंत्री झाले. राजाजींची योग्यता वादातीत होती, तरीही सरकार स्थापन करण्यासाठी नियुक्तीची वाट वापरली गेली हे नाकारता येत नाही. महाराष्ट्रातही या 12 जागा जून 2020 मध्ये रिकाम्या झाल्या, नोव्हेंबरमध्ये मंत्रिमंडळाने नावे पाठवली, राज्यपालांनी त्यांवर निर्णय घेतला नाही, सरकार बदलल्यावर 2022 मध्ये ती यादी मागे घेतली गेली आणि थेट ऑक्टोबर 2024 मध्ये सात जणांचा शपथविधी झाला. साहित्य, विज्ञान आणि सहकार यांच्या नावाने राखलेल्या जागांवर चार वर्षे फक्त राजकीय सोयीचे हिशेब चालले.

परिषदेचे मत अखेर निर्णायक ठरत नाही, असा बचाव केला जातो. तो बऱ्याच अंशी खरा आहे: अर्थविधेयक परिषद जास्तीत जास्त 14 दिवस आणि सामान्य विधेयक दोन फेऱ्यांत मिळून साधारण चार महिने रोखू शकते. परंतु एकच सभागृह असते, तेथे हा बचाव टिकत नाही. पुदुच्चेरीच्या विधानसभेत 30 निवडून आलेल्यांबरोबर केंद्राने नेमलेले तीन सदस्य बसतात, आणि 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा नियुक्त्या वैध ठरवल्या. फेब्रुवारी 2021 मध्ये विश्वासदर्शक ठराव आला तेव्हा विरोधकांच्या 14 जणांत हे तिघे होते. निवडून आलेले विरोधक 11, तर सत्ताधारी अध्यक्षांसह 12. मुख्यमंत्री नारायणसामी यांचे सरकार त्या दिवशी पडले. आधीच्या राजीनाम्यांनी ते खिळखिळे झाले होते हे खरे. तरी लोकांनी न निवडलेल्यांची मते बहुमताच्या हिशेबात यावीत, हे मला कोणत्याही युक्तिवादाने मान्य होत नाही.

न निवडलेल्या सदस्यांची सभागृहे म्हणून ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सकडे आणि कॅनडाच्या 105 सदस्यांच्या सिनेटकडे बोट दाखवले जाते. दोन्हीकडे विधेयकांची छाननी चांगली होते, पण लॉर्ड्सची ताकद 1911 आणि 1949 च्या कायद्यांनी विलंबापुरती आणून ठेवावी लागली.

नियुक्ती मुळातच नको म्हणणाऱ्यांनी नवी मुंबईचा अनुभवही विचारात घ्यावा. तेथील लोकनियुक्त सभागृहाची मुदत 2020 मध्ये संपली आणि त्यानंतर पाच वर्षांहून अधिक काळ प्रशासकाने कारभार पाहिला. ठाण्यातही 2022 पासून तेच झाले. मत नसलेल्या दहा स्वीकृतांपेक्षा, कर आणि खर्च एकट्याने ठरवणारा न निवडलेला अधिकारी लोकशाहीला कितीतरी अधिक घातक असतो.

म्हणून निवड करायचीच झाली तर मी महापालिकेची रचना निवडेन, मात्र सध्याची निवडपद्धत बदलून. प्रस्तावित स्वीकृतांची नावे, त्यांचा अनुभव आणि त्यांचे पक्षसंबंध नियुक्तीपूर्वी जाहीर करून हरकती मागवाव्यात, आणि नुकत्याच झालेल्या निवडणुकीत हरलेल्याला त्याच कार्यकाळात स्वीकृत करण्यास बंदी घालावी. विधान परिषदेत 12 जागा राहू द्याव्यात, पण त्यांचे मत काढून घ्यावे. त्यासाठी घटनादुरुस्ती लागेल आणि ती संसदेलाच करावी लागेल, म्हणून ही मागणी ठाण्यातल्या मतदाराने नगरसेवकाकडे नव्हे, खासदाराकडे केली पाहिजे.