छतातले दोन स्पीकर आणि आमचे १,९१,५०० रुपये

होम थिएटर बसवून घेणार असाल तर शेवटचा हप्ता देण्याआधी रिसीव्हर, म्हणजे सगळे स्पीकर चालवणारं मशीन, फिरवा आणि मागे स्पीकरच्या वायरी लावायच्या लाल-काळ्या जोड्या मोजा. ५.१.२ सांगितलं असेल तर सात हव्यात: पुढे तीन, मागे दोन, छताला दोन. (मधला १ म्हणजे घुमणाऱ्या आवाजाचा सबवूफर, त्याची वायर वेगळी असते.) आमच्या रिसीव्हरला पाच होत्या. हे आम्हाला कळलं तोवर सगळे पैसे गेले होते.

बसवून देणारा माणूस रस्त्यावरचा नव्हता. नाशिकच्या कॉलेज रोड परिसरात त्याची काचेची डेमो रूम आहे. आमच्या पाथर्डी फाट्याच्या सोसायटीत त्याने आधी काम केलेलं, लोक खूश होते. डेमोत पावसाचा आवाज खरोखर डोक्यावरून आला. तिथलं मशीन खरंच होतं, त्यामुळे 'डेमो ऐकून घ्या' या सल्ल्याला काही अर्थ नाही. डेमो एका मशीनचा आणि घरी येतं दुसरंच.

कोटेशन १,८५,००० चं. ५०,००० ॲडव्हान्स यूपीआयने, माल आल्यावर ९०,००० रोख, काम झाल्यावर ४५,००० पुन्हा यूपीआयने. पक्कं बिल मी पहिल्याच दिवशी मागितलं होतं. तो म्हणाला, "मॅडम, अठरा टक्के जीएसटी वर लागेल, ३३,३०० होतात. वॉरंटी मी कोटेशनवर शिक्का मारून देतो." नवीन घराचे हप्ते चालू असताना ३३,३०० हा आकडा कुणाला लहान वाटतो त्याने मला सांगावं. नाशिकमधली निम्मी घरं अशाच कच्च्या कागदावर सजतात आणि मला एकटीलाच 'बिल का नाही घेतलं' विचारलं जातं.

आता तो क्षण, जो आठवला की अजून डोकं तापतं. फिटिंगवाला मुलगा टीव्हीच्या युनिटमागे बसून वायरी सोलत होता. मी चहा द्यायला गेले. त्याने छतातून आलेली वायर आणि मागच्या स्पीकरची वायर एकत्र पिळली आणि दोन्ही एकाच जोडीत कोंबल्या. मी तिथेच विचारलं, "दोन स्पीकर एकाच ठिकाणी का?" मुलगा मालकाकडे बघायला लागला. मालक हसून म्हणाला, "मॅडम, त्याला ब्रिजिंग म्हणतात. टेक्निकल आहे, सर आले की त्यांना समजावतो." मी शाळेत विज्ञान शिकवते. समांतर जोडणी दरवर्षी फळ्यावर काढते. तरी स्वतःच्या घरात, मी पैसे मोजलेल्या माणसाने मला 'सर आल्यावर' म्हणून गप्प केलं. संध्याकाळी हे आले तेव्हा युनिट भिंतीला लागलं होतं, वायरी झाकल्या होत्या आणि ४५,००० द्यायचे बाकी होते. दिले.

आठ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले की रिसीव्हरवर चार ओहमचा भार येतो, म्हणजे त्याच्यातून दुप्पट करंट ओढला जातो. मारामारीचा प्रसंग आला, आवाज वाढवला, की मशीन तापून बंद पडायचं. फोन केला तर "तुमच्याकडे व्होल्टेजचा प्रॉब्लेम आहे" म्हणून ६,५०० चा स्टॅबिलायझर गळ्यात मारला. एकूण १,९१,५००.

इंजिनिअरिंगला असलेल्या भाच्याने युनिट पुढे ओढलं तेव्हा सगळं उघडं पडलं. खोक्यावर सात चॅनलचं, म्हणजे सात जोड्यांचं मॉडेल, आत जुना पाच चॅनलचा रिसीव्हर. खोक्यावरचा सिरियल नंबर एक, मशीनच्या मागचा दुसरा. टीव्हीपासून आलेली केबल ऑप्टिकल. तिच्यातून ॲटमॉस, म्हणजे डोक्यावरून आवाज आणणारा डॉल्बीचा प्रकार, जातच नाही, त्यासाठी टीव्हीचं एआरसी किंवा ईएआरसी लिहिलेलं एचडीएमआय सॉकेट लागतं. म्हणजे छतातले दोन स्पीकर पहिल्या दिवसापासून मागच्या स्पीकरचाच आवाज काढत होते. वायर ब्लेडने खरवडली तर वरून तांबं, आत पांढरं ॲल्युमिनियम. कोटेशनवर 'शुद्ध तांबे' लिहिलंय. आता ती वायर पीओपी फोडल्याशिवाय निघत नाही.

खोकं स्वतःच्या हाताने फोडा. दोन्ही सिरियल नंबरांचे फोटो काढा, मगच फिटिंगला हात लावू द्या. वायर भिंतीत जाण्याआधी तुकडा कापून बघा. ॲटमॉसचं काही लावलं की रिसीव्हरच्या डिस्प्लेवर ॲटमॉस असं उमटायला हवं. नुसतं डॉल्बी डिजिटल दिसत असेल तर कुठेतरी गडबड आहे. पीएमपीओचे, म्हणजे फुगवलेले, हजारो वॅट सांगणाऱ्याशी बोलूच नका, आरएमएस, म्हणजे सतत मिळणारे वॅट, विचारा.

पोलिसांत गेले. ठाण्यातल्या साहेबांनी कोटेशन हातात धरलं आणि पहिला प्रश्न केला, "मिस्टर आले नाहीत का?" मग म्हणे हा दिवाणी वाद आहे, ग्राहक न्यायालयात जा. एक माल दाखवून दुसरा गळ्यात मारणं, त्याचे पैसे घेणं, याला फसवणूक म्हणत नाहीत तर मग भारतीय न्याय संहितेतलं कलम ३१८ कुणासाठी आहे? वर मलाच ऐकवलं, "बिल न घेता तुम्हीच टॅक्स बुडवला." कर त्याने बुडवला, माल त्याने बदलला आणि मान खाली घालून मी बसायची! शेवटी साधा अर्ज ठेवून घेतला. पोचसुद्धा भांडून घ्यावी लागली. मशीन बदललंय याचा लेखी पुरावा कंपनीकडून आणा म्हणाले. सर्व्हिस सेंटरने नंबर टाकून तोंडी सांगितलं की हे मशीन जुनं आहे, वॉरंटी केव्हाच संपली. लिहून द्या म्हटलं तर "पोलिसांचं पत्र आणा". पोलीस म्हणतात कंपनीचं पत्र आणा. दोघांच्या मध्ये मी फाइल घेऊन उभी, आणि तो माणूस रोज डेमो रूम उघडून नवीन गिऱ्हाईक बसवतो. घरात दिरांचं वेगळंच, "शिक्षिका असून फसलीस?" फसवलं त्याला कुणी एक शब्द बोलत नाही.

जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली आहे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे फी नाही, मुदत दोन वर्षांची आणि तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही दाखल करता येते. पक्कं बिल नाही म्हणून घाबरू नका. शिक्क्याचं कोटेशन, यूपीआयच्या नोंदी, व्हॉट्सॲपवरचं बोलणं, सगळं जोडा. रोख दिलेले ९०,००० सिद्ध करायला मला सगळ्यात जड जातंय, म्हणून रोख देऊच नका, आणि दिलीच तर त्याच मिनिटाला व्हॉट्सॲपवर 'नव्वद हजार मिळाले' असं त्याच्याकडून लिहून घ्या.

आमच्याच सोसायटीत त्याने काम केलेल्या घरांना मी मागच्या जोड्या मोजायला सांगितल्या. एका घरी पाचच निघाल्या. ते तक्रार करायला तयार नाहीत, "जाऊ द्या, आवाज येतोय ना" म्हणतात. तुमच्याकडे छतात स्पीकर असतील तर आजच युनिट पुढे ओढा.