स्किल बसतं एका ओळीत, पण चालतं का? ‘स्किल्स’ कमांड आणि स्किल्स डॉट एसएचचं परीक्षण

क्लॉड कोड, कोडेक्स किंवा कर्सर या कोड लिहिणाऱ्या एआय असिस्टंटला एखादं काम आपल्या पद्धतीने करायला लावायचं, तर दर वेळी तोच लांबलचक प्रॉम्प्ट चिकटवायची आता गरज नाही. पद्धत एका फोल्डरात लिहून ठेवायची, की झालं स्किल. क्लॉड बनवणाऱ्या अँथ्रॉपिकने हा प्रकार १६ ऑक्टोबर २०२५ ला आणला, त्याच वर्षी डिसेंबरात त्याचा आराखडा सगळ्यांसाठी खुला केला, आणि इतरांच्या साधनांनीही तो उचलला. मग बाजार भरायला कितीसा वेळ लागणार! जानेवारी २०२६ मध्ये व्हर्सेल या कंपनीने स्किल्स डॉट एसएच ही यादी आणि तिच्या जोडीची ‘स्किल्स’ ही कमांड आणली. बसवण्यात ही कमांड पक्की आहे, शोधून देण्यात मात्र कच्ची.

आधी बसवण्याचं. मशीनवर नोड (जावास्क्रिप्ट चालवणारं साधन) आणि गिट (फाइलींतल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) असलं की पुरे, वेगळं काही इन्स्टॉल करावं लागत नाही. टर्मिनलात ‘एनपीएक्स स्किल्स अ‍ॅड’ आणि पुढे गिटहबवरच्या रेपोचं, म्हणजे कोड ठेवलेल्या फोल्डराचं नाव, मालक-स्लॅश-रेपो असं, अर्थातच रोमन अक्षरांत. पण घाईने एंटर मारू नका. पहिल्यांदा त्याच ओळीच्या शेवटी ‘डॅश डॅश लिस्ट’ जोडा. त्या रेपोत कोणकोणती स्किल्स आहेत ते दिसतं आणि काहीही बसत नाही. एका रेपोत वीस-पंचवीस स्किल्स असणं नेहमीचंच, त्यातलं हवं ते एकच ‘डॅश डॅश स्किल’ देऊन उचलायचं. ‘डॅश जी’ दिलं तर स्किल तुमच्या सगळ्या प्रोजेक्टांना मिळतं, नाही दिलं तर चालू प्रोजेक्टापुरतं. ‘डॅश ए’ने कोणत्या असिस्टंटसाठी ते ठरतं.

पुढे कमांड विचारते, सिमलिंक की कॉपी? सिमलिंक निवडलं तर खरी प्रत डॉट-एजंट्स फोल्डरात राहते आणि क्लॉड, कर्सर वगैरेंच्या फोल्डरांतून तिच्याकडे नुसती बोटं दाखवलेली असतात. एकट्याने मॅक किंवा लिनक्सवर काम असेल तर हेच सोयीचं, एका जागी बदललं की सगळीकडे बदलतं. टीममध्ये कोणी विंडोजवर असेल तर मात्र कॉपीच घ्या. विंडोजवर गिटची सिमलिंक सेटिंग बंद असेल, तर लिंकच्या जागी एका ओळीची साधी टेक्स्ट फाइल उतरते. त्या ओळीत फक्त पत्ता असतो. असिस्टंटला तिथे फोल्डर सापडत नाही, तो गप्प राहतो, आणि एरर कुठेच दिसत नाही.

आता शोधण्याचं. ‘एनपीएक्स स्किल्स फाइंड’ लिहून शब्द टाका, नाहीतर साइटवर जा. क्रमवारी लागते ती इन्स्टॉलच्या आकड्यावर. हा आकडा कमांडच्या टेलिमेट्रीतून, म्हणजे ती वापराची जी नोंद परत पाठवते त्यातून येतो. त्यातून किती जणांनी बसवलं ते कळतं, किती जणांनी दुसऱ्या दिवशी काढून टाकलं ते नाही. वरचा क्रमांक म्हणजे चांगलं स्किल, असं धरून चालू नका. त्यापेक्षा वर्णन वाचा. ‘रिअ‍ॅक्टसाठी उत्तम पद्धती’ एवढंच लिहिलेलं असेल तर पुढे जा. नेमकं काय करतं आणि कधी वापरायचं, हे दोन्ही ज्या वर्णनात आहे तेच स्किल पुढे चालण्याची आशा.

याचं कारण स्किल उचललं कसं जातं त्यात आहे. सत्र सुरू होताना असिस्टंटला प्रत्येक स्किलचं फक्त नाव आणि वर्णन दिसतं. हा खर्च स्किलमागे साधारण १०० टोकनांचा (टोकन म्हणजे मॉडेल मजकूर वाचतं तो शब्दाचा तुकडा). काम त्या वर्णनाशी जुळतंय असं वाटलं, तरच तो आतली स्किल डॉट एमडी फाइल उघडतो; सोबतची स्क्रिप्ट किंवा संदर्भफाइल तर त्याहीनंतर, गरज पडली तरच. म्हणजे वर्णन फसलं की आतलं सगळं वाया. वर्णनाला १०२४ अक्षरांची मर्यादा आहे, नावाला ६४. आतला मजकूर ५०० ओळींच्या आत ठेवावा, अशी शिफारस आहे. पन्नास स्किल्स बसवून ठेवली तर वर्णनांचीच गर्दी होते, एकसारखी वर्णनं एकमेकांच्या पायात येतात आणि भलतंच स्किल उघडतं. पाच-सात कामाची स्किल्स पुष्कळ झाली.

बसवलं तरी दिसत नाही, ही तक्रार सगळ्यात जास्त. क्लॉड कोडमध्ये स्लॅश टाइप करून यादीत नाव येतं का बघा. येत नसेल तर बहुतेक वेळा फोल्डर एक पायरी खोल गेलेलं असतं. हाताने गिट क्लोन केलं की हमखास होतं: डॉट-क्लॉड, त्यात स्किल्स, त्यात रेपोचं फोल्डर, त्यात परत स्किल्स, आणि कुठेतरी तळाशी खरं स्किल. डॉट-क्लॉडमधल्या स्किल्स फोल्डरात थेट स्किलच्या नावाचं फोल्डर हवं आणि त्यात थेट स्किल डॉट एमडी. फाइलच्या नावातला ‘स्किल’ हा शब्द रोमन कॅपिटल अक्षरांतच लागतो. फाइलची पहिली ओळ तीन डॅशची असते. तिच्यावर एक रिकामी ओळ जरी राहिली तरी घोटाळा. वर्णनात मध्येच कोलन आणि स्पेस आली आणि मजकूर अवतरणचिन्हांत नसेल, तर यॅमल (नाव आणि वर्णन ज्या पद्धतीत लिहितात ती) तिथेच अडतं. एवढं सगळं बरोबर असूनही दिसत नसेल, तर सत्र बंद करून पुन्हा सुरू करा. स्किल्सचं फोल्डर सत्र चालू असताना पहिल्यांदाच तयार झालं असेल, तर तेवढ्यानेच काम होतं.

अँथ्रॉपिकचा स्वतःचा रेपो क्लॉड कोडमध्ये वेगळ्या वाटेनेही येतो: ‘स्लॅश प्लगिन मार्केटप्लेस अ‍ॅड’ने बाजार जोडायचा, मग ‘स्लॅश प्लगिन इन्स्टॉल’ने हवा तो गठ्ठा. वर्ड, एक्सेल, पॉवरपॉइंट आणि पीडीएफची चार स्किल्स एकाच गठ्ठ्यात येतात. ती बघायला खुली आहेत, पण मुक्त परवान्याची नाहीत. म्हणून बदल करून आपल्या नावाने वाटण्याआधी परवाना वाचा.

यातल्या पीडीएफ स्किलबद्दल मराठीत काम करणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. नवी पीडीएफ बनवताना ते पायथनच्या रिपोर्टलॅबकडे वळतं. मूळ हेल्व्हेटिका फॉन्टात देवनागरी नाही, त्यामुळे मराठी मजकुराच्या जागी काळे चौकोन छापले जातात. नोटो सॅन्स देवनागरी जोडला की चौकोन जातात, पण अक्षरं जुळवण्याचं काम रिपोर्टलॅबच्या नेहमीच्या पद्धतीत होत नाही. ‘स्थिती’मधली पहिली वेलांटी स्थच्या आधी न येता मागे जाऊन बसते आणि स चा पाय मोडलेला दिसतो. असिस्टंट मात्र फाइल तयार झाल्याचं खुशाल सांगतो. उपाय सोपा आहे. स्वतःचं दहा ओळींचं स्किल लिहा: देवनागरी मजकूर असेल तर आधी एचटीएमएल बनव, त्यात नोटो फॉन्ट दे, क्रोमियम ब्राउझरकडून पीडीएफ छाप, पहिलं पान चित्र करून तपास. स्किलचं नाव रोमन छोट्या अक्षरांत आणि हायफनने जोडलेलं हवं, फोल्डरचं नावही तेच. वर्णन मराठीत लिहिलं तरी चालतं, पण देवनागरीला टोकन जास्त लागतात.

राहिला विश्वासाचा प्रश्न, आणि इथे हलगर्जीपणा नको. स्किलमधली स्क्रिप्ट तुमच्याच परवानग्यांनी चालते. फेब्रुवारी २०२६ मध्ये ओपनक्लॉ या दुसऱ्या एआय असिस्टंटच्या क्लॉहब या बाजारातली २,८५७ स्किल्स कोई सिक्युरिटी या सुरक्षा कंपनीने तपासली, तेव्हा ३४१ घातक निघाली. बहुतेकांची युक्ती एकच होती: ‘आधी एवढं इन्स्टॉल करा’ अशी पूर्वतयारीची पायरी, आणि त्यातून पासवर्ड चोरणारा प्रोग्राम. स्किल्स डॉट एसएचवर स्किलच्या पानावर सुरक्षा तपासणीचे शेरे दिसतात. ते बघाच, पण फाइलही वाचा, आणि गिटहबवर वाचताना ‘रॉ’ बटण दाबून. एचटीएमएल कमेंटमध्ये लपवलेल्या सूचना सजवलेल्या पानावर माणसाला दिसत नाहीत, मॉडेलला दिसतात. कर्ल (नेटवरून फाइल आणणारी कमांड) आणि बेस६४ (मजकूर सांकेतिक रूपात लिहिण्याची पद्धत) हे शब्द शोधा. न विचारता काय वापरता येईल ते सांगणाऱ्या ‘अलाउड-टूल्स’ या ओळीत बॅश, म्हणजे टर्मिनलच्या कमांड चालवणं, सरसकट मोकळं सोडलं असेल तर ती ओळ काढा. क्लॉड कोडच्या स्किलमध्ये उद्गारचिन्हाला लागून बॅकटिकमध्ये लिहिलेली कमांड तर मॉडेलने मजकूर वाचण्याआधीच चालते, तीही नजरेखालून घाला.

अपडेटचंही तसंच. ‘एनपीएक्स स्किल्स अपडेट’ ताजी प्रत आणून ठेवते, पण आत काय बदललं ते समजावत बसत नाही. म्हणून प्रोजेक्टातली स्किल्स कॉपी करून गिटमध्ये कमिट केलेली बरी. अपडेटनंतर ‘गिट डिफ’ बघितलं की एकेक बदललेली ओळ समोर येते. आवडलं नाही तर जुनी प्रत परत. नकोसं झालेलं स्किल ‘एनपीएक्स स्किल्स रिमूव्ह’ने जातं, आणि टेलिमेट्री नको असेल तर ‘डिसेबल टेलिमेट्री’ हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल १ करून ठेवायचा.