शिक्के सगळे खरे होते

कौन्सिलकडच्या, म्हणजे वैद्यांची नोंदणी ठेवणाऱ्या परिषदेकडच्या, नोंदणीच्या नूतनीकरणाची तारीख जवळ आली की वैद्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक वेगळाच हंगाम सुरू होतो. ‘सीएमई क्रेडिट पॉइंट्ससह’, ‘केंद्र सरकार मान्यताप्राप्त’, ‘शेवटच्या काही जागा शिल्लक’. (सीएमई म्हणजे पदवीनंतरचं सततचं वैद्यकीय शिक्षण; त्याचे पॉइंट्स नोंदणीला जमा होतात.) अशाच एका जाहिरातीवरून मी ‘आंतरराष्ट्रीय फेलोशिप’ला पैसे भरले. अग्निकर्म (तापवलेल्या शलाकेने, म्हणजे धातूच्या सळईने, डाग देणं), विद्धकर्म (सुईने टोचून उपचार) आणि मर्मचिकित्सा (शरीरातल्या मर्मांवरचे उपचार), तिन्ही एकत्र आणि तेही घरबसल्या. संस्थेचं नाव इथे लिहीत नाही. तक्रार चालू आहे, शिवाय तीच मंडळी आता दुसऱ्या नावाने नाडीपरीक्षेचा कोर्स विकत आहेत, म्हणजे नाव कळून फारसा उपयोगही नाही. पद्धत मात्र तीच आहे, आणि ती बीएएमएस झालेल्या प्रत्येकाला माहीत असायला हवी.

फोनवर बोलणारा मुलगा अतिशय अदबीचा. “मॅडम, फक्त कौन्सिलचा रजिस्ट्रेशन नंबर पाठवा, पॉइंट्स थेट तुमच्या नोंदणीला जमा होतील.” हेच वाक्य त्याने नंतर मेसेजमध्येही लिहून पाठवलं, आणि पुढे तेच कामाला आलं. फी साडेआठ हजार. दवाखाना बंद ठेवून दूरच्या शहरात कार्यशाळेला जायचं म्हटलं तर यापेक्षा जास्त खर्च होतो, त्यामुळे रक्कम काही अवाच्या सवा वाटली नाही. लोक फसतात ते बहुधा अशाच रकमांना, हातून जाईल आणि फार दुखणारही नाही इतपतच असलेल्या.

व्याख्यानं रेकॉर्ड केलेली निघाली. त्यातलं गृध्रसीत (सायटिकात) विद्धकर्म कसं करावं हे एक मात्र खरोखर चांगलं होतं, मी दोनदा ऐकलं. शंका विचारायला म्हणून त्या ज्येष्ठ वैद्यांचा नंबर शोधून फोन केला, तर ते म्हणाले, “अहो, ते मी एका कॉलेजात विद्यार्थ्यांपुढे दिलेलं व्याख्यान आहे. या फेलोशिपबद्दल मी आत्ता तुमच्याकडूनच ऐकतोय.” अग्निकर्माचं प्रात्यक्षिक म्हणजे पंधरा मिनिटांची धूसर चित्रफीत. सुश्रुतांनी त्वग्दग्धाची, म्हणजे त्वचेपुरत्या दिलेल्या डागाची, लक्षणं सांगितली आहेत: आवाज, वास आणि त्वचेचं आकसणं. त्यातला वास मोबाइलमधून कसा यायचा? शलाका किती तापली, किती क्षण टेकवायची, कुठे थांबायचं, हे गुरूच्या शेजारी उभं राहूनच कळतं.

अभ्यासक्रम संपल्यावर पैशांचा दुसरा फेरा. आधी ‘संलग्नता शुल्क’. मग हॉटेलच्या सभागृहात पदवीदान, त्याचा गाऊन-टोपीचा खर्च वेगळा. प्रमाणपत्र ‘परदेशात चालण्यासाठी’ अपोस्टिल करून (म्हणजे आंतरराष्ट्रीय करारानुसारचा शिक्का मारून) हवं असेल तर आणखी. काही जणांना मानद डॉक्टरेटही देऊ केली होती. पदवीदानाला मी गेले नाही. प्रमाणपत्र कुरियरने आलं.

ते प्रमाणपत्र माझ्यासमोर आहे. जाड हस्तिदंती कागद, कोपऱ्यात नखाने सहज निघणारा होलोग्राम, आणि खाली एका ओळीत चिन्हंच चिन्हं. मी एकेक तपासत गेले. खोटं एकही नव्हतं. आयएसओ ९००१ होतं, पण ते कामकाजाच्या व्यवस्थापनाचं मानक आहे, त्यात कोणी आयुर्वेद शिकवायला लायक आहे की नाही हे पाहत नाहीत. आणि आयएसओ ही संस्था स्वतः कुणाला प्रमाणपत्र देतच नाही, ते बाहेरच्या कंपन्या देतात. ‘एमएसएमई, भारत सरकार’ म्हणजे उद्यम नोंदणी. ती संकेतस्थळावर स्वतःच माहिती भरून फुकट मिळते, पापडाच्या गृहउद्योगालाही मिळते. ‘नीती आयोग’ म्हणजे दर्पण पोर्टलवरचा क्रमांक. तिथे स्वयंसेवी संस्था आपली माहिती नोंदवतात, आयोग त्यांच्या अभ्यासक्रमांना मान्यता देत नाही. विश्वस्त संस्था म्हणून धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणीही खरी. आणि अपोस्टिल? भारत त्या करारात २००५ साली आला. त्या शिक्क्याने कागदावरची सही आणि मोहोर खरी असल्याचं प्रमाणित होतं, मजकुराला त्याचा काहीच आधार नसतो. नोटरी केलेल्या कागदावर तो बसला तर खरी ठरते ती नोटरीची सही.

खरे कागद नुसते शेजारी शेजारी मांडले आणि बघणाऱ्याने त्यातून ‘सरकारमान्य’ असं वाचलं. गंमत म्हणजे ‘मान्यताप्राप्त’ हा शब्द प्रमाणपत्रावर कुठेही नाही. तो फक्त जाहिरातीत आणि फोनवर होता.

क्यूआर कोडची गोष्ट तर ऐकण्यासारखी आहे. तो स्कॅन केला की हिरव्या अक्षरांत ‘पडताळणी यशस्वी’ येतं. मी संकेतस्थळाच्या पत्त्यातला शेवटचा आकडा बदलला, तर कुणा दुसऱ्याच डॉक्टरांचं नाव आलं. मग मनाला येतील ते आकडे टाकले. नाव कोरं, आणि खाली तेच हिरवं ‘पडताळणी यशस्वी’. ज्याने प्रमाणपत्र छापलं त्याच्याच संकेतस्थळाकडून त्याची खात्री करून घ्यायची, असा सगळा प्रकार.

कौन्सिलच्या कार्यालयात खिडकीपलीकडच्या बाईंनी कागद हातात घेऊन लगेच परत दिला. “मॅडम, हा कार्यक्रम आमच्याकडे नाहीच. पॉइंट्स असतील तर त्या कार्यक्रमाला आधी दिलेल्या मंजुरीचं पत्र असतं. ते मागितलंत का त्यांच्याकडे?” मागितलं. संस्थेने पाठवलं ते स्वतःचंच पत्र, स्वतःच्याच लेटरहेडवर, ‘पॉइंट्ससाठी पात्र’ असं लिहिलेलं. तेव्हा पत्र कुणाच्या लेटरहेडवर आहे ते आधी पाहा, आणि त्याची विचारणा कौन्सिलच्या आपण स्वतः शोधलेल्या नंबरवर करा, जाहिरातीत दिलेल्या नंबरवर नको.

नावापुढे लावायला दिलेल्या अक्षरांचं आणखी एक. माझ्याबरोबरच्या काहींनी ती पाटीवर रंगवूनही घेतली आहेत. वैद्यांच्या व्यावसायिक आचारसंहितेचे नियम १९८२ पासून आहेत. नोंदणीत न धरली जाणारी अर्हता पाटीवर मिरवून रुग्णाचा गैरसमज झाला तर उत्तर आपल्याला द्यावं लागतं, फेलोशिप विकणाऱ्याला नाही. फेलोशिपला ‘पदवी’ म्हणणं ते कटाक्षाने टाळतात, कारण विद्यापीठ अनुदान आयोगाच्या १९५६ च्या कायद्यातल्या कलम २२ प्रमाणे पदवी देण्याचा अधिकार कायद्याने स्थापन झालेल्या किंवा अभिमत विद्यापीठांना आणि संसदेच्या कायद्याने खास अधिकार दिलेल्या संस्थांनाच आहे. फेलोशिप म्हटलं की त्या कलमातून सुटका.

पैसे परत मागितल्यावर त्या अदबशीर मुलाची जागा ‘डायरेक्टर सरां’नी घेतली. “डॉक्टर, कोर्स पूर्ण केलात, प्रमाणपत्र मिळालं, मग फसवणूक झाली कुठे?” पोलीस ठाण्यातही अंमलदाराने जवळपास हाच प्रश्न विचारला, आणि त्यांच्या बाजूने तो चुकीचा नव्हता. वस्तू मिळाली होती. मिळाले नव्हते ते पॉइंट्स, आणि त्यांचं वचन फक्त मेसेजमध्ये होतं.

मग पावती काढून पाहिली. तिच्यावर ‘डोनेशन’ लिहिलेलं. फी भरली होती एका व्यक्तीच्या खात्यावर, पावती आली विश्वस्त संस्थेची, देणगी म्हणून. देणगी म्हटली की सेवा घेतलीच नाही आणि ग्राहकही उरला नाही, असा त्यांचा डाव. माझ्या वकील मावसभावाचं म्हणणं, मेसेजमध्ये ‘कोर्स फी’ असा उल्लेख आणि रक्कम जुळत असेल तर हा बचाव टिकणं अवघड आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची तक्रार जिल्हा आयोगाकडे करता येते, प्रकार घडल्यापासून दोन वर्षांच्या आत. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही. आधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर नोंद केली. सायबर फसवणुकीचा १९३० हा क्रमांक पैसे गेल्या गेल्या लावला तरच खरा उपयोगी, कारण तेव्हा रक्कम पुढच्या खात्यात अडवता येते. माझ्या बाबतीत ती वेळ केव्हाच निघून गेली होती.

खरं शिकायचं असेल तर दारं बंद नाहीत. दिल्लीचं राष्ट्रीय आयुर्वेद विद्यापीठ १९८८ पासून आहे; आयुष मंत्रालयाच्या योजनेतून सहा दिवसांचे सीएमई कार्यक्रम त्याच्यामार्फत ठिकठिकाणच्या संस्थांमध्ये होतात, गुरु-शिष्य परंपरेचा अभ्यासक्रमही आहे. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या फेलोशिप आहेत, त्यांच्या केंद्रांची नावं विद्यापीठाकडेच पाहायला मिळतात. अर्थात तिथे प्रत्यक्ष हजर राहावं लागतं, दवाखान्याचे दिवस बुडतात, प्रवेशाच्या जागाही मोजक्या. या अडचणीवरच तर त्या मंडळींचा धंदा उभा आहे.

गेल्या आठवड्यात त्यांचा निरोप आला: अर्धे पैसे परत देतो, तक्रार मागे घ्या आणि ‘माझी कोणतीही तक्रार नाही’ असं लिहून द्या. मी नकार कळवला आहे. तुमच्याकडेही ‘डोनेशन’ची पावती असेल तर तिच्याबरोबर बँकेच्या विवरणातला यूटीआर क्रमांक (त्या व्यवहाराचा संदर्भ क्रमांक) काढून ठेवा. आणि ग्रुपमधून बाहेर पडण्याआधी संपूर्ण चॅट एक्स्पोर्ट करून स्वतःला मेल करा. पैसे परत मागणाऱ्यांची संख्या वाढताच आमच्या ग्रुपवर चोवीस तासांत मेसेज आपोआप नाहीसे होण्याची सोय सुरू करण्यात आली होती.